वाचकांचे प्रश्न : ध्रुवांवरच्या नोंदी सर्वांच्या कशा होतात?

गेल्या अंकात अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या भारतीय संशोधन केंद्रांची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाला होता. तेथे घेतलेल्या नोंदी भारत इतर देशांना देतो आणि इतरांच्या नोंदी भारताला मिळतात, एवढा त्रोटक उल्लेख त्यात होता. त्यावर मराठवाड्यातून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख नेमका या देवाणघेवाणीकडे आहे. विषय विस्ताराने सांगण्याजोगा असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. पत्रलेखकांचा व्यवसाय आणि गाव तेवढे दिले असून प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न (निवृत्त भूगोल शिक्षक, अंबाजोगाई) : अंटार्क्टिकावर अनेक देश मालकी सांगतात असे आम्ही वर्गात शिकवत आलो. मग तेथील संशोधन हे देश एकमेकांना का देतात? हा सौजन्याचा भाग आहे, की तसे कुठे लिहून ठेवले आहे?

लिहून ठेवले आहे आणि तेही निःसंदिग्ध शब्दांत. १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या आणि २३ जून १९६१ पासून तो अमलात आला. त्याचे तिसरे कलम असे सांगते की, देशांनी आपल्या संशोधनाचे आराखडे एकमेकांना कळवावेत, निरनिराळ्या मोहिमा आणि केंद्रे यांच्यात शास्त्रज्ञांची अदलाबदल व्हावी, आणि तेथील वैज्ञानिक निरीक्षणे व निष्कर्ष यांची देवाणघेवाण होऊन ते शक्य तितक्या प्रमाणात सर्वांना मुक्तपणे उपलब्ध असावेत. लगेच पुढचे चौथे कलम सात देशांच्या मालकीच्या दाव्यांना ना मान्यता देते, ना ते फेटाळते. ते जेथे होते तेथेच थांबवून ठेवते. ही दोन कलमे शेजारी शेजारी असणे मला फार महत्त्वाचे वाटते. जमीन कोणाची हा वाद बाजूला ठेवला, म्हणूनच त्या जमिनीवरच्या नोंदी कोणाच्या हा प्रश्न सोडवता आला. भारताने १९ ऑगस्ट १९८३ रोजी हा करार स्वीकारला आणि पुढच्याच महिन्यात भारताला मताचा अधिकार असलेल्या सल्लागार देशाचा दर्जा मिळाला.

या कलमामागे दीड वर्षाचा ताजा अनुभव होता. जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ या काळात आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष, म्हणजे पृथ्वीचा जगभर एकत्रितपणे अभ्यास करण्याचे वर्ष, पाळले गेले. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकी आणि सोव्हिएत शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर केंद्रे उभारून ठरलेल्या पद्धतीने मोजमापे घेतली. त्याच वेळी जागतिक डेटा केंद्रे स्थापन झाली : एक अमेरिकेत, एक सोव्हिएत संघात आणि बाकीची पश्चिम युरोप, जपान इत्यादी ठिकाणी विभागलेली. त्याच नोंदींच्या प्रती अनेक देशांत राहिल्या, तर युद्धाने, अपघाताने किंवा एखाद्या सरकारच्या मर्जीने त्या कायमच्या नाहीशा होणार नाहीत, हा त्यामागचा विचार होता. करार लिहिणाऱ्यांनी हीच रीत कलमात बांधली.

मात्र भूगोलाचे शिक्षक म्हणून आपल्याला त्याही आधीचा एक प्रसंग जास्त बोधक वाटेल. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदलातील अधिकारी कार्ल वायप्रेख्त हे स्वतः आर्क्टिकच्या बर्फात अडकून परतलेले होते. प्रत्येक देशाने स्वतंत्रपणे ध्रुवाकडे धाव घेऊन नकाशावर नवे बेट दाखवण्यात विज्ञानाचा फारसा लाभ नाही, सर्वांनी एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने हवामान, चुंबकत्व व ध्रुवीय प्रकाश यांच्या नोंदी घ्याव्यात, असे त्यांनी १८७५ मध्ये मांडले. त्यांचा मृत्यू १८८१ मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष सुरू झाले. नोंदी ठरल्याप्रमाणे घेतल्या गेल्या. परंतु प्रत्येक देशाने त्या आपापल्या खंडांत, आपापल्या सवडीने छापल्या, आणि त्या एकत्र आणून त्यांची छाननी करणारी यंत्रणा उभी राहिली नाही. त्यामुळे मोजमाप सामूहिक झाले आणि विश्लेषण मात्र विखुरलेले राहिले. पुढची ध्रुवीय वर्षे १९३२-३३ आणि २००७-०८ मध्ये झाली, आणि आता २०३२-३३ च्या पाचव्या वर्षाची तयारी सुरू आहे (१९५७-५८ चे भूभौतिकी वर्ष हे तिसरे मानतात). या प्रत्येक टप्प्यावर नोंदी कोण गोळा करणार यापेक्षा त्या कोण सांभाळणार, याची चर्चा अधिक होत गेली आहे आणि ती योग्यच आहे.

प्रश्न (शेतकरी, औसा) : २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात उभे सोयाबीन पाण्यात गेले. ध्रुवावरच्या बर्फाच्या नोंदी साऱ्या जगाने वाटून घेतल्या, तरी आमच्या शिवाराला त्याचा काय उपयोग?

आपल्या प्रश्नाचे उत्तर वाढवून सांगणे अन्यायाचे होईल, म्हणून जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगतो. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेतील सहकाऱ्यांबरोबर २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी राहिले, तर वातावरणाच्या वरच्या थरांतील लहरींमध्ये बदल होतात आणि अरबी समुद्र उबदार असल्यास सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढण्याची शक्यता असते, असा संबंध त्यात सुचवला आहे. हा संबंध संख्याशास्त्रीय आणि संभाव्य आहे. २०२५ च्या पावसाचे खापर त्यावर फोडता येणार नाही, आणि औशात या सप्टेंबरला काय होईल हे त्यावरून सांगता येणार नाही. परंतु अशा अभ्यासासाठी बर्फाच्या उपग्रहीय नोंदी, वातावरणाचे जागतिक विश्लेषण आणि आपल्या हवामान विभागाच्या पावसाच्या दीर्घकालीन नोंदी एकाच मेजावर याव्या लागतात. यांपैकी सर्व काही कोणत्याही एका देशाकडे नाही. देवाणघेवाण थांबली, तर हा प्रश्न विचारणेच अशक्य होईल.

दुसरा संबंध अधिक थेट आहे. अमेरिका आणि जर्मनी यांनी २००२ मध्ये सोडलेले ‘ग्रेस’ हे जुळे उपग्रह पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील बारीक फरक मोजत असत; २०१८ पासून त्यांची पुढची जोडी काम करत आहे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावरील बर्फाचे वजन किती घटले, हे त्यांच्या नोंदींवरून कळते. त्याच नोंदी सर्वांना खुल्या असल्यामुळे २००९ मध्ये राजस्थान, पंजाब व हरयाणा या भागांतील भूजल किती उपसले गेले, याचा अंदाज बांधता आला : ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर. बर्फ मोजण्यासाठी खुल्या ठेवलेल्या आकड्यांतून विहिरींचे वास्तव समोर आले. या उपग्रहांना काहीशे किलोमीटरच्या पट्ट्यापेक्षा लहान भाग वेगळा दिसत नाही, त्यामुळे औसा तालुक्याचा आकडा त्यातून निघणार नाही. त्यासाठी निरीक्षण विहिरींना पर्याय नाही.

प्रश्न (बी.एस्सी. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, परभणी) : आजकाल सगळे डिजिटल आहे. मग नोंदी संकेतस्थळावर टाकल्या की काम संपले, त्यासाठी आंतरराष्ट्रीय समित्या आणि डेटा केंद्रे कशाला लागतात?

तुझा प्रश्न या साऱ्या विषयाच्या मुळाशी जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्या महसूल मंडळातील पर्जन्यमापकाचे उदाहरण घे. तो अनेक वर्षे मोकळ्या पटांगणात होता आणि नंतर कोणी तरी तो उचलून कडुलिंबाच्या झाडाजवळ बसवला, तर नोंदवहीत पाऊस कमी झालेला दिसेल. पाऊस खरोखर कमी झाला की झाडाने अडवला, हे सांगणारी ओळ वहीत नसेल, तर वीस वर्षांनी ती वही वाचणारा माणूस चुकीचा निष्कर्ष काढील आणि त्यात त्याचा दोष नसेल. ध्रुवांवरच्या नोंदींचे नेमके हेच आहे. आकड्यासोबत तो कोणत्या उपकरणाने घेतला, ते उपकरण कधी प्रमाणित केले, जमिनीपासून किती उंचीवर होते, वेळ कोणती धरली, एकक कोणते आणि नोंद हुकली तेव्हा त्या जागी काय लिहिले, हे सर्व नोंदवावे लागते. या सोबतच्या माहितीवाचून आकडा निरुपयोगी असतो. अंटार्क्टिक संशोधनाची वैज्ञानिक समिती १९५८ पासून आणि आंतरराष्ट्रीय आर्क्टिक विज्ञान समिती १९९० पासून कार्यरत आहे. त्यांच्या डेटाविषयक उपसमित्यांचे पुष्कळसे काम ही सोबतची माहिती सर्व देशांनी एकाच साच्यात लिहावी यासाठीच चालते. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण परवानगीपेक्षा येथेच आहे. पुष्कळ नोंदी कोणी दडवून ठेवलेल्या नसतात. त्या नीट वर्णन न केल्यामुळे हरवतात.

ओझोनच्या छिद्राची हकिगत या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. ब्रिटनच्या हॅली केंद्रावर भूभौतिकी वर्षाच्या सुमारापासून ओझोन मोजण्याचे काम एकाच जातीच्या उपकरणाने अखंड चालू होते. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन या तिघांनी मे १९८५ मध्ये प्रसिद्ध केले की, तेथील ऑक्टोबर महिन्यातील ओझोन झपाट्याने घटत आहे. जपानच्या स्योवा केंद्रावरून शिगेरू चुबाची यांनीही त्याआधी कमी आकडे नोंदवले होते. त्या काळात अमेरिकेचा ‘निंबस-७’ हा उपग्रह साऱ्या अंटार्क्टिकावरून फिरत होता. त्यालाही हे दिसले नव्हते का? दिसले होते. परंतु एका मर्यादेखालील आकडे संशयास्पद म्हणून वेगळी खूण करून ठेवले जात. नासातील शास्त्रज्ञांनी ते तपासायला घेतले, तेव्हा पडताळ्यासाठी दक्षिण ध्रुवावरील केंद्राच्या नोंदी पाहिल्या आणि त्यांत ओझोन नेहमीसारखाच दिसला. त्या केंद्रावरील उपकरण चुकीच्या तरंगलांबीवर वापरले गेले होते, हे नंतर उघड झाले.

या हकिगतीतील दोन गोष्टी ध्यानात ठेव. संशयास्पद आकडे खूण करून ठेवले होते, फेकून दिले नव्हते. त्यामुळे हॅलीचा लेख आल्यावर उपग्रहाच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासता आल्या आणि छिद्र खंडाएवढे विस्तीर्ण आहे हे काही महिन्यांत सिद्ध झाले. आणि तीन देशांची तीन केंद्रे एकमेकांशी ताडून पाहिली गेली, म्हणूनच कोणते उपकरण चुकत होते हे कळले. १९८७ मध्ये ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांना आळा घालणारा माँट्रियल करार झाला. एकट्या देशाच्या एकट्या नोंदवहीवर एवढा मोठा निर्णय जगाने घेतला नसता.

प्रश्न (संख्याशास्त्राच्या प्राध्यापिका, नांदेड) : बर्फाच्या घटीविषयी वेगवेगळ्या देशांचे आकडे वेगवेगळे येतात असे वाचले आहे. डेटा खुला आणि समान असेल, तर निष्कर्ष भिन्न का? आणि त्यांचा मेळ कसा घालतात?

डेटा समान नसतो आणि समान असला तरी त्यावरील गृहीतके भिन्न असतात. हिमचादरीचे, म्हणजे जमिनीवर दूरवर पसरलेल्या बर्फाच्या जाड थराचे, वजन मोजण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिलीत उपग्रह बर्फाच्या पृष्ठभागाची उंची मोजतो. परंतु उंचीवरून वजन काढताना वरचा थर भुसभुशीत बर्फाचा आहे की घट्ट, हे गृहीत धरावे लागते. दुसरीत गुरुत्वाकर्षण मोजतात. मात्र प्राचीन हिमयुगातील बर्फाचा भार उतरल्यामुळे खालचा खडक अजूनही हळूहळू वर येत आहे आणि त्याचा परिणाम वजा करावा लागतो. तिसरीत किती बर्फ पडले आणि हिमनद्यांनी किती समुद्रात नेले, याचा जमाखर्च मांडतात. दोन प्रचंड संख्यांची वजाबाकी असल्यामुळे लहानशी चूकही तेथे मोठी होते. शिवाय प्रत्येक गटाने निवडलेला कालखंड आणि आखलेल्या सीमा निराळ्या असत. त्यामुळे एका गटाचा निष्कर्ष दुसऱ्याशी ताडणेच कठीण होई.

यावर उपाय म्हणून हिमचादरींच्या वस्तुमान संतुलनाची तुलना करणारा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्याचा पहिला संयुक्त अहवाल २०१२ मध्ये आला. त्यात सर्व गटांनी एकच कालखंड, एकच सीमारेषा आणि खडक वर येण्याविषयीची तीच गणिती प्रतिमाने वापरावीत असे ठरले, आणि पूर्वी परस्परविरोधी वाटणारे पुष्कळसे आकडे त्रुटीच्या मर्यादेत जुळले. २०१८ च्या अहवालात ४४ संस्थांतील ८४ शास्त्रज्ञ सहभागी होते. त्यानुसार १९९२ ते २०१७ या काळात अंटार्क्टिकाने २,७२० अब्ज टन बर्फ गमावले, अधिक-उणे १,३९० अब्ज टन. त्यामुळे समुद्रपातळी सुमारे ७.६ मिलिमीटर वाढली. पश्चिम अंटार्क्टिकातील वार्षिक घट या काळात ५३ वरून १५९ अब्ज टनांवर गेली. पूर्व अंटार्क्टिकाचा आकडा आपण वर्गात अवश्य दाखवावा : वर्षाला ५ अब्ज टनांची वाढ, अधिक-उणे ४६ अब्ज टन. म्हणजे तेथे बर्फ वाढते आहे की घटते आहे, हे या मोजमापांवरून ठरत नाही, आणि शास्त्रज्ञांनी ते लपवलेले नाही. मला या उपक्रमाचे मोल जुळलेल्या आकड्यांइतकेच या उघडपणे लिहिलेल्या अनिश्चिततेत वाटते.

संयुक्त विश्लेषणाचे दुसरे उदाहरण अंटार्क्टिकाच्या बर्फाखालील जमिनीच्या नकाशाचे आहे. विमाने, जहाजे, उपग्रह आणि कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाड्या यांतून साठहून अधिक वर्षांत अनेक देशांनी घेतलेली मोजमापे एकत्र करून हा नकाशा वेळोवेळी सुधारला जातो. पहिली आवृत्ती २००१ मध्ये, दुसरी २०१३ मध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये आली. तिसऱ्या आवृत्तीत सुमारे ८.२ कोटी मोजमापे आहेत. त्यानुसार तेथे २.७१७ कोटी घन किलोमीटर बर्फ असून ते सर्व वितळल्यास समुद्र ५८ मीटर चढेल. सर्वांत जाड बर्फ ४,७५७ मीटर असून ते विल्क्स लँडमधील एका अनामिक दरीत आहे. आधीच्या आवृत्तीपर्यंत ती जागा दुसरीकडेच समजली जात होती.

प्रश्न (वाचक, बीड) : हिमालयाला ‘तिसरा ध्रुव’ म्हणतात. तेथील नोंदीही अशाच खुल्या आहेत का?

तेवढ्या नाहीत. हिमालयात सीमा आहेत, सैन्य आहे आणि अनेक देशांत वाहणाऱ्या नद्या आहेत. अंटार्क्टिक करारासारखा करार तेथे नाही. काठमांडूतील एक आंतरशासकीय पर्वतीय संस्था आठ देशांमध्ये दुवा साधण्याचे काम करते. भारताने स्पितीमध्ये २०१६ मध्ये ‘हिमांश’ हे हिमनद्यांच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले असून ते गोव्याच्या ध्रुवीय केंद्राच्याच अखत्यारीत आहे. गोदावरी आणि मांजरा या बर्फावर पोसलेल्या नद्या नाहीत, परंतु गंगा-सिंधूच्या खोऱ्यांतील कोट्यवधी लोकांच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे.

प्रश्न (पदव्युत्तर विद्यार्थी, औंढा नागनाथ) : थंडीवाऱ्यात महिनोन्‌महिने राबून एकाने नोंदी घ्यायच्या आणि उबदार खोलीत बसून दुसऱ्याने त्यावर शोधनिबंध लिहायचा, हे न्याय्य आहे का?

हा आक्षेप खरा आहे आणि शास्त्रज्ञही तो घेतात. त्यावर व्यवहारात निघालेला मार्ग असा की, नोंदी घेणाऱ्यांना काही काळ त्यांच्यावर पहिला हक्क दिला जातो आणि तो संपताच त्या सर्वांना खुल्या होतात. सप्टेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२० या काळात ‘पोलारश्टेर्न’ हे जर्मन जहाज वीस देशांच्या शास्त्रज्ञांना घेऊन आर्क्टिकच्या बर्फात गोठून वाहत राहिले. त्या मोहिमेचे धोरण आधीच लिहून ठेवले होते : सहभागी गटांनी आपसांत डेटा लगेच वाटायचा आणि १ जानेवारी २०२३ पासून तो जगाला खुला करायचा. दुसरी तरतूद श्रेयाची आहे. आता प्रत्येक डेटासंचाला शोधनिबंधाप्रमाणे कायमस्वरूपी क्रमांक मिळतो, त्यावर नोंदी घेणाऱ्यांची नावे असतात आणि वापरणाऱ्याने त्याचा संदर्भ देणे अपेक्षित असते.

तरीही नेमणूक आणि बढतीच्या वेळी निबंध मोजले जातात, डेटासंच मोजले जात नाहीत. हे बदलले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याने दहा वर्षे एका उपकरणाची निगा राखली, त्याचे काम एखाद्या उत्तम निबंधापेक्षा कमी मानू नये. आपल्या गावाजवळ, हिंगोली जिल्ह्यातच, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. तिला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. अमेरिकेतील लायगोच्या नोंदीही आधी सहभागी शास्त्रज्ञांसाठी आणि ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुल्या होतात. तेव्हा आपण विचारलेला प्रश्न उद्या आपल्याच जिल्ह्यातील शास्त्रज्ञांसमोर असेल.

प्रश्न (स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा वाचक, छत्रपती संभाजीनगर) : युक्रेन युद्धाचा या सहकार्यावर परिणाम झाला का?

आर्क्टिकमध्ये झाला, आणि मोठा झाला. मार्च २०२२ मध्ये आर्क्टिकभोवतीच्या देशांच्या आर्क्टिक परिषदेच्या आठपैकी सात सदस्य देशांनी रशियाबरोबरचे परिषदेचे काम थांबवले. पुढे ते मर्यादित स्वरूपात सुरू झाले. आर्क्टिक किनाऱ्याचा जवळजवळ अर्धा भाग रशियाकडे आहे आणि कायम गोठलेल्या जमिनीचा फार मोठा हिस्सा सैबेरियात आहे. तेथील केंद्रांच्या नोंदी पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना मिळेनाशा झाल्यावर उरलेल्या केंद्रांवरून काढलेले आर्क्टिकचे चित्र एकांगी होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा एकांगीपणा मोजला, तेव्हा काही बाबतींत तो शतकाअखेरपर्यंत हवामानबदलामुळे अपेक्षित असलेल्या फरकाएवढा निघाला. नोंदी न मिळाल्याने झालेली चूक आणि आपण ज्या बदलाला घाबरतो तो बदल एकाच मापाचे असावेत, हे मला अत्यंत चिंताजनक वाटते.

अंटार्क्टिकावर करार टिकून आहे. मे २०२४ मध्ये त्याची ४६ वी सल्लागार बैठक आपल्याच कोचीत झाली. याहून कठीण काळातही काम झाल्याचे उदाहरण आहे. व्होस्तोक या सोव्हिएत केंद्रावर सोव्हिएत आणि पुढे रशियन अभियंत्यांनी बर्फात छिद्र घेतले, अमेरिकी विमानांनी नमुने वाहून नेण्यास मदत केली आणि फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे त्यांचे विश्लेषण झाले. त्यातून १९९९ मध्ये ४,२०,००० वर्षांच्या हवामानाची सलग नोंद जगापुढे आली.

धोका मात्र युद्धातूनच येतो असे नाही. समुद्री बर्फाचे क्षेत्र १९७८ च्या अखेरीपासून अमेरिकी उपग्रहांच्या सूक्ष्मलहरी मापनातून मोजले जाते. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या उपग्रहांचा हा डेटा अल्पावधीत बंद होणार असल्याचे जाहीर झाले. आक्षेपांनंतर मुदत वाढली. परंतु त्या घडामोडीत बर्फाची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी केंद्राला जपानच्या उपग्रहावरील उपकरणाकडे वळावे लागले. जपानने आपला डेटा खुला ठेवला होता म्हणून साखळी तुटली नाही. दोन उपकरणे काही काळ एकत्र चालली, तरच जुने आणि नवे आकडे एकमेकांशी जोडता येतात, हे यातले तांत्रिक मर्म परीक्षेसाठीही लक्षात ठेवावे.

प्रश्न (महाविद्यालयीन शिक्षक, उदगीर) : आमच्याकडे मोठी प्रयोगशाळा नाही. येथे बसून आमच्या विद्यार्थ्यांना या डेटाचा काही उपयोग करता येईल का?

निश्चित येईल, लागतो तो एक साधा संगणक आणि चिकाटी. गोव्याच्या केंद्राचे राष्ट्रीय ध्रुवीय डेटा केंद्र भारतीय मोहिमांच्या नोंदींची सूची ठेवते; काही नोंदी पाहता येतात, काहींसाठी रीतसर मागणी करावी लागते. दोन ठिकाणे तर आपल्याला गोव्याहूनही जवळ आहेत. हैदराबादचे महासागर माहिती सेवा केंद्र समुद्रात तरंगणाऱ्या ‘आर्गो’ मापकांचा भारतीय डेटा सांभाळते, आणि ‘भारती’ केंद्रावरील भूस्थानकाने टिपलेला भारतीय उपग्रहांचा डेटा हैदराबादजवळील शादनगरला पोहोचतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला भारत-अमेरिकेचा ‘निसार’ हा रडार उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच भूभागावर परततो. अंटार्क्टिका अधिक चांगले टिपता यावे म्हणून त्याची दृष्टी डावीकडे ठेवली आहे आणि त्याचा डेटा खुला ठेवण्याचे धोरण आहे. परंतु रडारची चित्रे वाचायला शिकण्यात बराच काळ जातो, म्हणून सुरुवात त्याने करू नये.

सुरुवातीसाठी मी युरोपातील दहा देशांनी अंटार्क्टिकावर डोम सी येथे काढलेल्या हिमगाभ्याच्या, म्हणजे खोल छिद्र घेऊन काढलेल्या बर्फाच्या लांब दंडाच्या, नोंदी सुचवीन. बर्फातील हवेच्या बुडबुड्यांवरून काढलेले ८,००,००० वर्षांतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण त्यांत आहे. फाइल लहान आहे आणि नेहमीच्या आकडेमोडीच्या तक्त्यात उघडते. आलेख काढला की हे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे १७० ते ३०० यांच्या दरम्यान वरखाली होताना दिसते. त्यावर आजचे ४२० च्या वरचे मूल्य विद्यार्थ्यांनाच मांडू द्यावे. मात्र आकड्यांना हात लावण्याआधी त्यांच्यासोबतची वर्णनाची पाने पूर्ण वाचून घ्यावीत : वर्षे कोणत्या सालापासून मागे मोजली आहेत, बर्फाचे वय आणि त्यात अडकलेल्या हवेचे वय वेगळे का असते, कोणत्या प्रयोगशाळेने कोणता भाग मोजला. बुडबुडे बंद होण्याआधी हवा वरच्या सच्छिद्र थरांतून खेळती राहते, त्यामुळे हवा तिच्या भोवतालच्या बर्फापेक्षा तरुण असते. हे न वाचता तापमानाचा आलेख शेजारी काढला, तर कारण आणि परिणाम यांचा क्रमच उलटा दिसू शकतो. नकाशे काढायचे असल्यास नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने तयार केलेला अंटार्क्टिकाच्या नकाशांचा मोफत संच मुक्त आज्ञावलीवर चालतो आणि एकदा उतरवून घेतला की इंटरनेटवाचूनही वापरता येतो, ही उदगीरसारख्या ठिकाणी मोठीच सोय आहे.